घोडेगल्लीची पिळायची वेळ

बसा, बसा. त्या बाकावर नगं, तो ओला हाय. हिकडं पोत्यावर बसा. ह्या धुक्यात पॉइंट बघायला गेलात तर तुमचेच पाय तुम्हाला दिसायचे न्हाईत. जरा दम धरा, तवर एक गोष्ट सांगतो. भुताची न्हाई, वाघाची न्हाई. एका यंत्राची हाय. तोंडातून चकार शब्द काढत न्हाई म्हणून आम्ही त्याला घरात आणलं. त्यानं माझी बायको वाचवली, आन् त्याच वक्ताला माझ्या घोड्याच्या जिवावर उठलं. खोटं वाटलं तर मधीच उठून जावा, मी रागवायचो न्हाई.

मी हणमंत आखाडे. महाबळेश्वरात घोडा फिरवतो. बाप फिरवायचा, आजा फिरवायचा. आता गाड्या बिनड्रायवरच्या झाल्या. ते उडतं कॅमेऱ्याचं पाखरू खोलीत बसल्या-बसल्या सगळे पॉइंट दाखवतं. तरी लेकरानं घोडा बघितला की हट्ट धरलाच समजा. त्या हट्टावर आमची घोडेगल्ली जगते. माझ्या घोड्याचं नाव कलेक्टर. मान अशी वर करून बघतो, जणू तुम्ही अर्ज घेऊन आलाय आन् साहेबाला टाइम न्हाई.

आमच्या गल्लीत घर बांधायची रीत अशी, की एकाच छपराखाली माणूस बी आन् जनावर बी. मधी नुसती फळ्यांची आड. फटीतून बोट जातं. जनावराच्या अंगाची ऊब फळ्यांतून आपल्याकडं येते, आपल्या चुलीची त्याच्याकडं जाते. आन् बाहेरून पावसाआधी गवताच्या झडी बांधायच्या, घराला घोंगडं पांघरल्यागत.

तरी ओल थांबते व्हय? आमच्याकडचा पाऊस नुसता पडत न्हाई, राहायला येतो. धुकं दारातून आत येतं आन् चुलीपाशी जागा धरतं. मिठाचं पाणी होतं. चपलेला पांढरी मिशी फुटते. काडेपेटी छातीशी धरून उबवायची, तवा कुठं एखादी काडी पेटणार. कपडे वाळवायला निखाऱ्यावर बांबूचं डालगं पालथं घालायचं आन् त्यावर लुगडं पसरायचं. पूर्वी दसऱ्याला ह्यातून सुटका व्हायची. आता समुद्र तापलाय म्हणत्यात, दिवाळी गेली तरी धुकं हलायचं नाव घेत न्हाई.

ह्या ओलीनं माझ्या शालनची, म्हंजी माझ्या बायकोची, छाती धरली.

आधी खोकला, मग धाप. मग अशी वेळ आली की घागर उचलली की बसायची. साताऱ्याच्या डॉक्टरनं फोटो काढला आन् मलाच झापलं. म्हणला, "भिंतीवर काळी बुरशी हाय ना घरात? तीच ह्यांच्या छातीत जातीय. औषध देतो, पण औषधानं भागणार न्हाई. घर कोरडं करा. न्हाईतर पावसाळाभर ह्यांना खाली ठेवा."

खाली म्हंजी पुण्याला, आमच्या रेश्माकडं, पोरीकडं. शालन म्हणली, "खाली जाऊन काय करू? लिफ्टमधनं वर-खाली करत बसू?"

हसलो आम्ही. पण पावसाळा आता निम्मं वरीस खातो. निम्मं वरीस ती तिथं, मी हितं. आन् म्हातारपणाची अशी किती निम्मी उरली असत्यात?

रेश्मानं मग पुण्याहून हवेतलं पाणी काढायचं यंत्र पाठवलं. जुन्या तऱ्हेचं. फ्रिजचाच भाऊ समजा. गार पाण्याचा तांब्या ठेवला की बाहेरून त्याला घाम फुटतो ना? तसं त्याच्या पोटात गार नळी, तिला हवेतलं पाणी चिकटतं आन् थेंब-थेंब खाली डब्यात. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, न्हाईतर ते अख्ख्या सह्याद्रीचं पाणी काढत बसंल. कामाचं होतं बेटं. पण घरघर केवढी! गिरणीत झोपल्यागत.

दुसऱ्याच दिवशी बघतो तर शालननं पिन काढून ठेवलेली.

मी म्हणलं, "अगं, आवाजाची सवय होती हळूहळू."

"तुम्हाला होईल. मला माझा दम ऐकायला पायजे."

"म्हंजी?"

"माझी छाती आधी बारीक शिट्टी मारती. ती ऐकू आली की मी पंप घेती. हे घरघरत असलं तर शिट्टी ऐकू येत न्हाई, आन् ऐकू येती तवा उशीर झालेला असतो."

मी पिन परत लावली न्हाई. त्यात तिच्या छातीची शिट्टी मला कधीच ऐकू आली नव्हती. मी आपला घोरणारा.

मग आम्ही दोघं साताऱ्याला दुकानात गेलो. रेश्मा फोनच्या पडद्यावर. दुकानदार पोरगा हुशार. आधी विचारलं, खोली केवढी, छप्पर कसलं, ओल किती. आम्ही महाबळेश्वर म्हणल्यावर त्यानं बारकी यंत्रं बाजूलाच सारली. रेश्मा तिकडून म्हणाली, "दादा, डबा सारखा ओतायला लावू नका आईला. पाणी पाइपनं बाहेर गेलं पाहिजे. आणि जाळी धुता आली पाहिजे." तो एकेक लावून दाखवायला लागला. हे बघा काका, हे शांत. हे त्याहून शांत.

शालननं हात वर केला. "सगळे गप बसा जरा." दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक बी गप. ती एकेका यंत्रापाशी वाकायची, डोळे मिटायची, श्वास घ्यायची, सोडायची. मान हलवायची. न्हाई. न्हाई. हे बी न्हाई. शेवटी कोपऱ्यात एक पांढरी पेटी होती, 'निवांत' नावाची, नवीनच आलेली. तिच्यापाशी वाकली आन् लई वेळ वाकलेलीच राहिली.

"चालू हाय का ही?"

"चालूच हाय मावशी."

"माझा दम ऐकू येतोय," ती म्हणली. "हीच घ्या."

त्या पेटीत गार नळी न्हाई, पंखा म्हणायला एक फुंकरीएवढा. पोटात एक भुकटी असते, तिच्या वड्या. ती भुकटी म्हंजी मधाचं पोळं, पण घरं इतकी बारीक की डोळ्याला दिसायची न्हाईत. चिमूटभर भुकटीतली सगळी घरं उलगडून पसरली तर एखादं अंगण भरंल म्हणत्यात. हवेतलं पाणी त्या घरांत गुपचूप जाऊन बसतं. आता बसलेलं पाणी बाहेर कसं काढायचं? पूर्वी तापवून काढायचे, त्याला वीज लई जायची. निवांतवाल्यांनी नवी युक्ती काढली. भिजलेलं कुत्रं अंग कसं झाडतं? तशी ती वडी झाडायची. थोडं पाणी भरलं की झाड, भरलं की झाड. पाणी खाली, वडी रिकामी. ही झाडझूड आवाजाविना कशी होते, ते त्या पोरानं सांगितलं न्हाई आन् आम्ही विचारलं न्हाई.

घरी आणून फळ्यांच्या आडीला ठोकली, कारण सगळ्यात जास्त बुरशी तिथंच होती. पलीकडं कलेक्टर.

चार-पाच दिवसांतली गोष्ट. शालननं आमटीत टाकायला मिठाचा डबा उघडला, आन् मला हाक मारली. मला वाटलं, आला दम. पळत गेलो. तर ती डबा वाकडा करून मीठ हातावर ओतत होती. सुटं. वाळूगत. ओतायची, परत भरायची, परत ओतायची. लग्न होऊन आली तवापासून पावसाळ्यात तिनं सुटं मीठ बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं बाईच्या. मी म्हणलं, "आता तू पाणी काढू नगंस, नुकतंच कोरडं केलंय घर."

घागर उचलायला लागली. मग दोन उचलायला लागली. मग मला ओरडायला लागली, म्हंजी तब्येत सुधारली.

मीठ बघायला सगळी गल्ली येऊन गेली. शेजारचा युसुफ नालबंद, माझा लहानपणचा दोस्त, त्यानं घेतलं. समोरच्या लॉजवाल्या बाळू केळगण्यानं तीन घेतली आन् बाहेर पाटी लावली, 'पावसाळ्यात कोरड्या गाद्या'. भर पावसाच्या आधी घोडेगल्लीत घर न् घर निवांत.

आन् कलेक्टर बिघडला.

आधी वैरण टाकली. मग कान मागं पाडून उभा राहायला लागला. साप बघितल्यावर घोडा जसा उभा राहतो ना, तसा. मग ठाणावर, त्याच्या बांधायच्या जागेवर, यायलाच तयार न्हाई. बाहेर पावसात उभा राहायचा, अंगावरून धारा, पण आत ओढलं की मागल्या पायावर. लाथ मारून आडीची एक फळी फोडली. मला वाटलं बिबट्या येऊन वास टाकून गेला असंल. आमच्याकडं पूर्वापार हेच समजत्यात. मी काय केलं, अजून गवत आणलं आन् ठाण चहूबाजूंनी घट्ट बांधून घेतलं, त्याला भ्या वाटू नये म्हणून. घोडा आत, आन् आवाज बी त्याच्यासंगं आत. पण हे तवा कुणाला ठाऊक?

युसुफ म्हणला, "हणम्या, वैरणवाल्यानं कुजकी पेंढी दिलीय. माझी घोडी शबनम बी खात न्हाई."

दोघं जाऊन वैरणवाल्याशी भांडून आलो. तो बिचारा म्हणला, "माझ्या म्हशी तीच पेंढी खात्यात, त्यांना विचारा." जनावरांच्या डॉक्टरनं पोट तपासलं, दात तपासले, रक्त नेलं. काही न्हाई. म्हणला, "जागा बदलून बघा." कुठं बदलू? जुना तबेला होता तिथं गाड्या लागत्यात. रानात एकटा बांधला तर मग बिबट्या खराच येईल.

कलेक्टरच्या फासळ्या दिसायला लागल्या. एक दिवस स्टँडवर एक लहान मुलगी पाठीवर होती आन् हा थरथर कापत होता. मी तिला खाली उतरवलं. तवा ठरवलं. पाचगणीचा एक व्यापारी घोडी घ्यायचा, खाली वाईला उसाच्या गाड्याला, लग्नाच्या वरातीला. त्याला निरोप धाडला. शुक्रवारी येऊन नेतो म्हणला.

शालनला सांगितलं तशी ती उठली. गूळ घेऊन बाहेर पावसात त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. मी ओरडलो, "भिजू नगंस!" तर म्हणली, "तो भिजतोय ते चालतंय व्हय?"

बुधवारी वादळ झालं. तारांवर झाड पडलं आन् सगळ्या गावाची लाइट गेली. सकाळी गेली ती गेलीच. मी दारात तंबाखू मळत बसलेलो. शालन आतून म्हणली, "आवं, हिकडं या. गप या."

फटीतून बघितलं. कलेक्टर ठाणावर. कुणी ओढला न्हाई, बोलावला न्हाई. स्वतःहून आत आला होता आन् पेंढीत तोंड घालून खात होता. खाऊन झाल्यावर आडवा झाला. अहो, घोडा आडवा कवा होतो? जवा त्याला जगाची भीती नसते तवा. आम्ही दोघं त्या फटीपाशी लेकरं निजवल्यागत उभे.

दुपार टळली तशी लाइट आली. खिडकीतला बल्ब लागला, पेटीवरचा हिरवा ठिपका लागला, आन् घोडा ताडदिशी उभा. कान मागं. एका उडीत बाहेर.

शालन पेटीकडं बघत राहिली. "ही," ती म्हणली. "ही बोलतीय."

"खुळी का काय? ती बोलत न्हाई म्हणून तर आणली."

"आपल्याशी बोलत न्हाई. त्याच्याशी बोलतीय."

आन् तिनं पिन काढली. मी लावली. तिनं काढली. मी म्हणलं, "शुक्रवारी घोडा जाणार हाय, मग कशाला?"

"घोडा जाणार न्हाई."

"मग काय तू जाणार? पुण्याला? का वर?"

"हळू बोला, त्याला वाटंल भांडतोय."

"भांडतोच हाय!"

"बरं," ती म्हणली, "मग नीट भांडा. माझ्या दमासाठी त्याचा जीव काढायचा, हे मला विचारलंत का? मी त्याच्या आईला बाळंत केलंय. पहिल्यांदा उभा राहिला तवा माझ्या पदराला धरून उभा राहिला." मग खाली बसली, कारण एवढं बोलून तिला धाप लागली होती. आन् त्या गप झालेल्या घरात मी पहिल्यांदा तिच्या छातीची शिट्टी ऐकली. बारीक. केटलीच्या तोटीतून वाफ निघते तशी.

मी रेश्माला फोन लावला. रेश्मानं कंपनीला लावला. कंपनीचा माणूस म्हणला, आमचं यंत्र पूर्ण निःशब्द आहे. माझी पोरगी आईवर गेलीय. ती म्हणली, "निःशब्द कुणाला? ते लिहून द्या." आन् मग दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक गाडी आली. त्यातून एक पोरगी उतरली, रेनकोट घातलेली, पाठीवर पिशवी. ऋजुता बनसोडे. इंजिनेर. ह्या पेटीची झाडझूड तिच्याच टोळीनं बसवलेली.

मला वाटलं, आता ही आम्हाला शहाणपण शिकवणार. तर ती आधी कलेक्टरकडं गेली, लांब उभी राहिली, म्हणली, "काका, मी पेटी चालू-बंद करते. तुम्ही नुसते त्याचे कान बघा." चालू, कान मागं. बंद, कान पुढं. चालू, मागं. तिचा चेहराच उतरला.

पिशवीतून तिनं मोबाइलएवढं एक यंत्र काढलं. म्हणली, वटवाघळांचा अभ्यास करणारे हे वापरतात. मग तिनं सगळं सांगितलं, आन् मला समजलं तसं तुम्हाला सांगतो. आवाज म्हंजी हवेचं हलणं. सावकाश हललं तर ढोल, जलद हललं तर बासरी. अजून जलद, अजून जलद, असं करत एका जागी माणसाच्या कानाची वाट संपते. सेकंदाला वीस हजार हेलकाव्यांच्या पुढं आपल्याला काहीच ऐकू येत न्हाई. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं त्याच्या निम्म्यातच संपतं. ह्यांनी ती वडी त्याच्या बरंच पुढं झाडायची ठरवली, म्हंजी तान्ह्या पोरालाही त्रास नको. पण घोड्याच्या कानाची वाट आपल्यापेक्षा लांब जाते. तीस हजाराच्याही पुढं. कुत्र्याची, मांजराची त्याहून लांब.

मी विचारलं, "मग जनावरापुढं ठेवून बघितली न्हाईत का?"

"बघितली ना. ऑफिसातला कुत्रा बसवला होता समोर. निवांत झोपला. आम्ही पेढे वाटले." तिनं कपाळाला हात लावला. "काल रात्री त्याच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, मोत्या दोन वर्षांपासून बहिरा आहे, तुम्ही विचारलं कुठं?"

शालन फसकन् हसली. मग ती पोरगी बी हसली, आन् मग दोघींच्या डोळ्यांत पाणी.

"हे यंत्र तो आवाज खाली आणतं, आपल्याला ऐकू येईल इतका," ऋजुता म्हणली. "ऐकायचंय?"

तिनं बटण दाबलं.

देवा रे. पत्र्यावर पत्रा घासला तर दात कसे शिवशिवतात? तसं. पण थांबत न्हाई. थांबलं म्हणता म्हणता परत. आन् नुसतं आमच्या आडीतून न्हाई. तिनं यंत्र युसुफच्या घराकडं वळवलं, तिकडून बी. बाळूच्या लॉजकडं, तिकडून तीनपट. सगळी गल्ली किंचाळत होती. फुलझाडं लावलेली, कोरड्या गाद्यांची, शांत, सुंदर गल्ली. युसुफ दारात उभा होता. त्यानं कानावर हात ठेवले आन् म्हणला, "या अल्लाह. माझी शबनम महिनाभर ह्यात उभी हाय?"

आता इलाज काय? पेटी बंद केली तर शालनची छाती. चालू ठेवली तर घोडा. आन् एकट्या आमची बंद करून भागत न्हाई, सगळ्या गल्लीची बंद पायजे.

ऋजुता वडीवर बोट ठेवून विचार करत बसली. शालननं चहा ठेवला. चहा ठेवता-ठेवता तिनं विचारलं, "बाळ, ही पाणी पिताना ओरडती का पाणी टाकताना?"

"टाकताना. पिताना एकदम गप्प."

"मग आम्ही फडकं भिजलं की दर वेळी पिळत न्हाई. सगळी गोळा करून एकदाच पिळतो."

ऋजुता म्हणली, "तेच मी मोजत होते मावशी. पण वडी भरून जाईल लवकर. तुमच्या हवेत तर फारच लवकर." मग दोघींचं सुरू झालं. एक वडी नको, दोन-तीन घातल्या तर? जागा हाय पेटीत. दिवसभर पाणी नुसतं प्यायचं, आन् दिवसातून एकदा, घोडी गल्लीत नसतील तवा, सगळं एका दमात पिळायचं. यंत्राला शिकवता येईल का? लॅपटॉपवर आत्ताच शिकवते. वड्या पुण्याहून उद्या मागवते. म्हंजी कोण हुशार, कोण अडाणी, असलं काही उरलंच न्हाई. चहा गार झाला दोघींचा, तो मी प्यालो.

पण एक गोष्ट लॅपटॉपमधी बसत नव्हती. सगळ्या गल्लीनं एकाच वेळी पिळायला पायजे. एकानं जरी भलत्या वेळी पिळलं तर घोडी परत पिसाळणार.

गल्ली बोलावली. सगळे तयार. एक बाळू केळगणे सोडून. तो म्हणला, "माझं गिऱ्हाईक दिवसभर ओल्या बुटांनी येतं. मला दर घटकेला पिळायला पायजे. घोडी तुमची, तुम्ही हलवा."

युसुफ बाह्या मागं सारायला लागला. शालन म्हणली, "थांबा भाईजान." आन् बाळूला म्हणली, "खरंय तुझं, बाळू. तुझा धंदा हाय. मग असं करूया, माझी पेटी बंद ठेवते. घोड्याला तेवढाच आराम. आन् कोरडी जागा पायजे म्हणून मी तुझ्याकडं येऊन बसते."

त्याला वाटलं, म्हणायला म्हणतीय. तर ही चटई, विळी आन् लसणाची पाटी घेऊन गेली आन् त्याच्या काउंटरसमोर, शोभेच्या सोफ्यावर मांडी घालून बसली. लसूण सोलायला लागली. गिऱ्हाईक आलं की हसून विचारायची, "कुठनं आलाय? जेवलात का?" मधी खोकायची. खोकला खराच होता, पण जरा मोठ्यानं खोकत असावी, माझा अंदाज. एक बाई विचारायला लागली, "ह्या कोण?" बाळू म्हणला, "ह्या... शेजारी." शालन म्हणली, "मी तुमच्या खोलीतल्या कोरड्या गादीची शेजारीण." आन् सगळी कथा सांगितली. त्या बाईचं लेकरू म्हणलं, "मम्मी, घोडा बघू." बघून आलं आन् बाळूला म्हणलं, "अंकल, तुम्ही त्याला रडवता?"

दुसरा चहा व्हायच्या आत बाळू आमच्या दारात. "हणमंततात्या, वैनीला घेऊन जावा. मी तुमच्या वेळेला पिळतो. लसणाचा वास गाद्यांना लागतोय."

शुक्रवारी पाचगणीचा व्यापारी आला. त्याला चहा पाजला आन् घोड्याचा पाय लचकलाय म्हणून वाटेला लावला. कलेक्टर त्याच्याकडं असा बघत होता, जणू अर्ज नामंजूर.

तवापासून आमच्या गल्लीत ही पिळायची वेळ हाय. सकाळची न्याहारी झाली की युसुफ शिट्टी मारतो. सगळी घोडी दावणीतून सुटत्यात. पाऊस असो, धुकं असो, गिऱ्हाईक असो-नसो, आम्ही सगळे ओळीनं वेण्णा तळ्यापर्यंत जातो. पूर्वी आम्ही घोडेवाले एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायचो, तोंड बघत नव्हतो. आता रोज घोंगड्या पांघरून संगं चालावं लागतं. आन् माणूस संगं चालला की बोलतोच. दोन लग्नं जमली ह्या वाटेवर. एक भांडण बी झालं, पण ते त्या लग्नातलंच. मागं गल्लीत सगळ्या पेट्या कडकडून पिळत्यात, पन्हाळीतून पाणी भळाभळा वाहतं, आन् ऐकायला कुणी नसतं. परत येतो तर गल्ली खरीच निवांत.

ऋजुता मधनंमधनं येते. दोन्ही कानांना चालंल अशी नवी तऱ्हा शोधतीय, मांजराच्या कानाच्याही पलीकडची. जमलं न्हाई अजून. जमंल म्हणते. आम्हाला घाई न्हाई. जमलं तरी आम्ही तळ्यापर्यंत जाणारच, असं युसुफ म्हणतो. आन् मागल्या भेटीत साताऱ्याच्या डॉक्टरनं शालनच्या छातीला नळी लावली, मलाही ऐकवली. शिट्टी न्हाई. नुसता श्वास. येतोय, जातोय.

हे बघा, बोलता-बोलता धुकं फाटलं. ती दरी दिसायला लागली. आन् ती बघा, येतीय ती शालन. पदर खोचून, पायांत माझे गमबूट. काल मला काय म्हणली ठाऊक हाय? "आयुष्यभर ह्या घोड्यांची लीद काढली, बाळंतपणं केली, चंदीचा दाणा भरवला. पाठीवर कधी बसले न्हाई. जग ज्याच्यावर बसून पॉइंट बघतं, त्यावरून मला बी बघायचाय." मी म्हणलं, दम? ती म्हणली, दम घोड्याला लागतो, मला कशाला?

म्हणून तुमच्यापाशी एक मागणं हाय. माझे गुडघे गेलेत, मला एकट्याला तिला वर चढवता येणार न्हाई, आन् युसुफला बोलावलं तर गावभर सांगत सुटंल. तुम्ही जरा कलेक्टरच्या पलीकडल्या बाजूनं पाय ठेवायची रिकीब घट्ट धरा, मी हिकडून हात देतो. आन् ती चढताना घाबरून काही बोलली, मला शिव्या दिल्या, तरी हसू नका हं. तेवढं करा माझ्यासाठी.